जुन्या मशीनचं लॅन कार्ड: आधी आयडी, मग ड्रायव्हर

वाचकाचं पत्र: ‘आमच्या कार्यालयात तीन जुनी मशीन आहेत. पहिल्या डेस्कटॉपवर विंडोज १० टाकलं तेव्हा नेट आपोआप चालू झालं, पण मधूनमधून जायचं. म्हणून ड्रायव्हर अपडेट करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. आता लॅन कार्डावर पिवळं चिन्ह आणि कोड १०. दरम्यान यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावून, त्याला ठरलेला आयपी देऊन काम भागवलं. तोच आयपी आता मूळ कार्डाला द्यायला गेलं की हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे असं विंडोज म्हणतं, पण दुसरा अडॅप्टर तर कुठेच दिसत नाही. दुसरं मशीन विंडोज ७, ६४ बिट. त्यावर नवा ड्रायव्हर टाकला की कोड ५२. तिसरा डेलचा पॉवरएज आर७१० सर्व्हर. त्यावर डेबियन ११ टाकताना इन्स्टॉलर बीएनएक्स२ नावाचं काहीतरी फर्मवेअर मागतो आणि पुढे नेटवर्क लागतच नाही. तिन्हींत नवी कार्डं घालून मोकळं व्हावं का?’

इतक्यात कार्डं मागवू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिन्हींपैकी एकही कार्ड मेलेलं वाटत नाही. मेलेलं कार्ड बहुतेक वेळा यादीत येतच नाही. कोड १०, कोड ५२ आणि फर्मवेअरची मागणी, या तिन्हींचा अर्थ एवढाच की मशीनला कार्ड दिसतंय पण ते चालू करता येत नाहीये. मात्र तिन्हीकडची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एका मशीनचा उपाय दुसऱ्यावर करून बघू नका.

ते ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर आधी काढून टाका. ही मंडळी ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती बघून ‘जुना’ असा शिक्का मारतात, आणि लॅन कार्डाच्या बाबतीत हा निकष फसवा आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम छापलेली असते, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर असेल तर विंडोजने त्याला प्राधान्य द्यावं. ती तारीख बघून घाबरलेले लोक चालू असलेला ड्रायव्हर काढतात आणि मग आमच्याकडे पत्र येतं.

कुठलाही ड्रायव्हर उतरवण्याआधी चिप कोणती ते पक्कं करा. मशीनच्या खोक्यावरचं नाव, मदरबोर्डचं मॉडेल, कार्डावरचा स्टिकर, यांतलं काहीच शेवटचा शब्द नसतं. शेवटचा शब्द हार्डवेअर आयडीचा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि प्रॉपर्टीच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. पीसीआयने सुरू होणारी लांब ओळ येईल. तिच्यात ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरं म्हणजे कंपनी, ‘डीईव्ही’नंतरची चार म्हणजे चिप, मग ‘सबसिस’ म्हणजे ती चिप कुणाच्या बोर्डावर बसवली आहे ते, आणि शेवटी ‘आरईव्ही’ म्हणजे चिपची पिढी. कंपन्यांचे आकडे पाठ होऊन जातात: ८०८६ इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, ११एबी मार्व्हेल, १९६९ अथेरॉस. पिवळ्या चिन्हाखाली नुसतं ‘इथरनेट कंट्रोलर’ लिहिलेलं असलं तरी हा आयडी वाचता येतो, कारण तो चिपमधून येतो, ड्रायव्हरमधून नाही.

पिढीचा आकडा लोक सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो. जुन्या डेस्कटॉपवर सगळ्यात जास्त सापडणारा आयडी म्हणजे १०ईसी आणि ८१६८. हा एकच आकडा रियलटेकने ८१११ मालिकेतल्या बी पासून एच पर्यंतच्या चिपांना दिलेला आहे. आतून या चिपा बऱ्याच वेगळ्या. त्यामुळे शेजारच्या मशीनवर मस्त चाललेला ‘८१६८चा ड्रायव्हर’ तुमच्या मशीनवर बसेल, नाव दाखवेल आणि कोड १० देईल.

आता पहिल्या डेस्कटॉपची साफसफाई. नेट नसताना ड्रायव्हर कुठून आणायचा ही अडचण असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू करा. विंडोज १० त्याला नेटवर्क कार्ड म्हणूनच ओळखतं आणि लागणारा ड्रायव्हर त्याच्याकडे असतो. काहीही काढण्याआधी आहे ते जपून ठेवा: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयुटिल कमांडच्या ‘एक्सपोर्ट-ड्रायव्हर’ पर्यायाने बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा.

मग ते न दिसणारं अडॅप्टर. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत ‘शो हिडन डिव्हायसेस’वर टिचकी मारा. नेटवर्क अडॅप्टर्सखाली काही नावं फिकट रंगात उगवतील. त्यात तुमचा यूएसबी अडॅप्टर असेल. तो काढून घेतला तरी त्याची नोंद आणि तिच्यासोबत तुम्ही दिलेला आयपी विंडोजने जपून ठेवलाय, म्हणून तो संदेश येतो. वेगवेगळ्या यूएसबी पोर्टात लावला असेल तर एकाच अडॅप्टरच्या दोन-तीन नोंदीही सापडतात. त्या फिकट नोंदी अनइन्स्टॉल करा. मात्र ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाच्या सातआठ नोंदींना हात लावू नका, त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत आणि काढल्या की व्हीपीएन, डायल-अप बिघडतं.

यापुढचं काम जरा नीट करायचं. डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड अनइन्स्टॉल केलं तरी ड्रायव्हरचं पॅकेज विंडोजच्या कोठारात पडून राहतं, आणि पुढच्या रीस्टार्टला विंडोज तेच उचलून परत बसवतं. ‘तीनदा काढला, तरी तोच येतो’ या तक्रारीचं मूळ हे. म्हणून पीएनपीयुटिलला ‘एनम-ड्रायव्हर्स’ सांगून यादी काढा. या यादीत फक्त बाहेरून आलेली पॅकेजं असतात, विंडोजसोबत आलेली नसतात. ज्यांच्यापुढे क्लास म्हणून ‘नेट’ किंवा ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ आणि पुरवणारा म्हणून रियलटेक लिहिलंय ती शोधा. प्रत्येकाला ओईएम आणि पुढे एक आकडा असं नाव असतं, उदाहरणार्थ ओईएम१२. त्या नावाने ‘डिलीट-ड्रायव्हर’ आणि जोडीला ‘अनइन्स्टॉल’ असे दोन्ही पर्याय देऊन एकेक काढा. नाव लिहिताना आकडा दोनदा वाचा. ओईएम१२ ऐवजी ओईएम२१ गेलं तर कदाचित ग्राफिक्सचा ड्रायव्हर जाईल.

आता मशीन बंद करा, पण नेहमीसारखं नाही. विंडोज ८ पासून पुढे ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवून तीच पुन्हा उठवली जाते, त्यामुळे बिघडलेली अवस्थाही तशीच परत येते. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. मग पॉवर केबल भिंतीतून काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून ठेवा आणि नंतर केबल परत लावा. हा तोटका वाटतो, पण मागे साधं कारण आहे. मशीन बंद असतानाही एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो, आणि वेक-ऑन-लॅनसाठी, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवता यावं म्हणून, लॅनची चिप त्यावर अर्धवट जागी असते. चुकीच्या ड्रायव्हरने तिला भलत्या अवस्थेत सोडलं असेल तर रीस्टार्टने ती सुटत नाही, वीज पूर्ण तोडली की सुटते. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजनंतर लिनक्समध्ये गेलं की लॅन मरत असेल, तिथेही बहुधा हेच कारण निघतं.

केबल लावून सुरू करताना एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डोकावा. ऑनबोर्ड लॅन ‘एनेबल्ड’ आहे ना, आणि तारीख बरोबर आहे ना? दहा-बारा वर्षांच्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेलेला असतो. वीज तोडली की सेटिंगं मूळ पदावर जातात आणि घड्याळ काही वर्षं मागे. घड्याळ मागे असलं की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

विंडोज उघडल्यावर ते आपला सोबतचा रियलटेक ड्रायव्हर बसवेल. तुमच्याच पत्रात लिहिलंय की सुरुवातीला नेट आपोआप चालू झालं होतं. म्हणजे हा ड्रायव्हर चालतो. कोड १० गेला, आयपी घेतला गेला, की इथे थांबा आणि मूळ आजाराकडे वळा: नेट मधूनमधून का जात होतं?

याचं उत्तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये असतं. नेट गेलं ती वेळ टिपा आणि त्या मिनिटाच्या नोंदी बघा. लिंक तुटल्याची नोंद असेल तर केबल, स्विचचं पोर्ट किंवा वीजबचत, यांतलं काहीतरी. लिंक टिकून आहे आणि तरी राउटरचा पिंग (पोचतंय का हे तपासणारा छोटा संदेश) बंद पडतो, तर ड्रायव्हर, ऑफलोड (प्रोसेसरचं काम चिपकडे देणं) किंवा आयपीची टक्कर (एकच पत्ता दोन मशीनना). आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तरच आलं नाही, आणि मग ड्रायव्हर बदलून वेळ घालवण्याआधी केबल आणि राउटर बघा.

लिंक तुटत असेल तर आधी फुकटचा उपाय. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ बंद करा. जुनी चिप आणि स्वस्त स्विच यांचं या दोन गोष्टींवर जमत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि अर्धा दिवस चालू द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ मात्र ‘ऑटो’वरच राहू द्या. कुणीतरी सांगतं म्हणून इथे १०० फुल डुप्लेक्स ठोकून दिलं जातं. समोरचा स्विच ऑटोवर असतो, त्याच्याशी बोलणीच होत नाहीत, तो वेग ओळखतो पण डुप्लेक्स हाफ धरतो, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलतो. मग दिवा लागतो, पिंग जातो, पण फाइल कॉपी करताना वेग रडतो आणि चुका वाढत जातात. उलट, ऑटोवर असूनही वेग १०० मेगाबिटवर अडकत असेल, म्हणजे फाइल कॉपी सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या पुढे जात नसेल, तर केबल तपासा. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक तार तुटली की लिंक १०० वर उतरते किंवा गिगाबिट धरत-सोडत राहते. हे बघायला टेस्टरही लागत नाही: चांगल्या चालणाऱ्या मशीनची केबल आणि तिचंच स्विच पोर्ट घेऊन या मशीनला लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅटला डॅश ई दिलं की एरर्सचा आकडा दिसतो. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. वाढत असेल तर संशय आधी केबलवर.

लिंक तुटत नाही पण नेट गोठतं, अशा वेळी ‘लार्ज सेंड ऑफलोड’च्या दोन्ही नोंदी, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, बंद करून बघा. मोठे डेटाचे तुकडे पाडायचं काम त्यामुळे चिपकडून प्रोसेसरकडे येतं. जुन्या प्रोसेसरलाही गिगाबिटपर्यंत ते झेपतं. एवढं करूनही नाहीच जमलं, तरच रियलटेकच्या किंवा मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून आयडी आणि पिढी जुळवून ड्रायव्हर घ्या.

दुसऱ्या मशीनचा कोड ५२ सोपा आहे. ड्रायव्हर बरोबर असेल, पण त्याची डिजिटल सही विंडोज ७ ला वाचता येत नाहीये. नव्या ड्रायव्हरांवर फक्त एसएचए-२ पद्धतीची सही असते आणि मूळ विंडोज ७ ला ती पुरती समजत नाही. सर्व्हिस पॅक १ आहे याची खात्री करा, मग मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून केबी४४९०६२८ आणि नंतर केबी४४७४४१९ ही दोन अपडेट दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने टाका. रीस्टार्ट करून ड्रायव्हर पुन्हा बसवा. सुरू होताना एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो एका बूटपुरताच टिकतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा नेटविना. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (तो कुठल्या चिपांना लागतो त्याची यादी असलेली) हाताने आयडी घुसवण्याचा प्रकारही करू नका, फाइल बदलली की सही मोडते आणि तुम्ही परत कोड ५२ वर. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपलाय, तेव्हा लॅन चालू झाल्यावर या मशीनला प्रिंटर आणि आतल्या फाइलींपुरतंच ठेवा, इंटरनेट देऊ नका.

सर्व्हरकडे येऊ. आर७१० वरची चार पोर्टं ब्रॉडकॉमच्या ५७०९ चिपांची आहेत, आयडी १४ई४ आणि १६३९. लिनक्सचा बीएनएक्स२ ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच, पण ही चिप चालू होताना तिच्यात फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल भरावी लागते. ती फाइल मुक्त परवान्याची नाही, म्हणून डेबियन ११ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नव्हती. तो जे मागतोय ते हेच.

सरळ उपाय म्हणजे डेबियन ११ सोडा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर असतं. १२ किंवा १३ चा इन्स्टॉलर घेतला तर हा प्रश्न विचारलाच जाणार नाही. काही कारणाने ११ च हवं असेल, तर दुसऱ्या मशीनवर ‘फर्मवेअर-बीएनएक्स२’ हे पॅकेज उतरवा, फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि इन्स्टॉलरने मागितलं की तो लावा. इन्स्टॉल झाल्यावर सोर्सेसच्या यादीत (पॅकेजं कुठून घ्यायची ती) ‘नॉन-फ्री’ विभाग घातलाय ना ते बघा. पुढे १२ वर जाताना याच पॅकेजचा विभाग बदलून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ झाला आहे. ती ओळ घालायची राहिली तर फर्मवेअरची अपडेट गुपचूप थांबतात.

फर्मवेअर डिस्कवर असूनही बूट होताना ‘फाइल लोड झाली नाही’ असा संदेश येतो, असंही घडतं. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं), म्हणजे डिस्क जोडली जाण्याआधीच सुरू होतो आणि फर्मवेअर त्या आतल्या गाठोड्यात नसतं. पॅकेज टाकल्यावर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ एकदा डॅश यू देऊन चालवलं की काम होतं.

कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर ड्रायव्हरची नाडी बघायला एकच कमांड पुरते: एलएसपीसीआय, पुढे डॅश आणि एन, एन, के ही तीन अक्षरं. प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी शोधा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असेल तर ड्रायव्हर चिकटलाय, पुढचा दोष नेटवर्कच्या सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये. फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल तर ड्रायव्हर आहे पण चिकटला नाही, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) कारण लिहिलेलं असतं. दोन्ही नसतील तर या कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हरच नाही. चार पोर्टांपैकी ‘ईनो१’ नेमकं कुठलं हे कळत नसेल तर ईथटूलला डॅश पी, पोर्टचं नाव आणि १० द्या. त्या पोर्टाचा दिवा १० सेकंद लुकलुकतो. अंदाजाने केबल हलवत बसण्यापेक्षा हे बरं.

सर्व्हरवर दूरून, त्याच कार्डावरून काम करत असाल तर नेटवर्कचा कुठलाही प्रयोग करण्याआधी दहा मिनिटांनंतरचा रीस्टार्ट लावून ठेवा: शटडाउन कमांडला डॅश आर आणि अधिक १०. संपर्क तुटला तर मशीन स्वतः उठून जुन्या सेटिंगवर येईल, नाही तुटला तर डॅश सी देऊन रद्द करा. अर्थात बदल फाइलमध्ये लिहून टाकला असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही, म्हणून आधी तात्पुरता बदल, चालला की मग फाइलमध्ये. या सर्व्हरच्या आयड्रॅक ६ वर (दूरून सर्व्हर सांभाळायची डेलची सोय) भिस्त ठेवत असाल तर तो आजच उघडून बघा, कारण त्याची जुनी एन्क्रिप्शन पद्धत नवे ब्राउझर नाकारतात. मॉनिटर आणि कीबोर्ड हाताशी असलेला बरा.

राहिला नव्या कार्डाचा प्रश्न. केबल आणि स्विच पोर्ट बदलून झालं, वीज तोडून झाली, सोबतचा आणि कंपनीचा असे दोन्ही ड्रायव्हर झाले आणि तरीही डेस्कटॉपची लिंक तुटतेय, तर चिप किंवा सॉकेट खराब आहे. तेव्हा कार्ड घ्या. जुन्या मशीनला इंटेलच्या ८२५७४एल किंवा आय२१० चिपचं, पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉटचं गिगाबिट कार्ड उत्तम. लिनक्समध्ये पहिल्याला ई१०००ई आणि दुसऱ्याला आयजीबी हे कर्नलमधलेच ड्रायव्हर लागतात. साधा पांढरा पीसीआय स्लॉटच उरला असेल तर तिथेही गिगाबिट कार्ड बसतं, पण त्या बसची एकूण क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि ती इतर कार्डांबरोबर वाटून घ्यावी लागते, म्हणून पूर्ण वेगाची अपेक्षा नको. २.५ गिगाबिटच्या कार्डांचा मोह टाळा, तुमचा स्विच गिगाबिटचा असेल तर त्यातून काही हाती लागणार नाही. बुटक्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीची पट्टी लागते, ती खोक्यात आहे का ते घेतानाच बघा. आणि इंटेलच्या नावाची नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत, चार पोर्टांचं कार्ड संशय यावा इतकं स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या.

कार्ड बसवण्याआधी जुन्याचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लिहून ठेवा. नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे राउटरवरचं डीएचसीपी आरक्षण, स्विचवरचं पोर्टाचं कुलूप आणि मॅकला बांधलेली सॉफ्टवेअरची लायसन्सं, सगळं एकदम अडतं. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं असं लायसन्स असेल तर ते विकणाऱ्याला कार्ड बदलण्याच्या आदल्या दिवशीच फोन करा, आणि ऑनबोर्ड लॅन बायोसमधून बंद करायचं ते लायसन्स नव्या पत्त्यावर चालू झाल्यावरच.